कुंकवाच्या रेघा

अक्का गेल्याचा भाच्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या माझ्या छापखान्यात होतो. "मामा, आई गेली..." एवढंच तो बोलला. मशीन बंद करायचंही मला सुचलं नाही. सव्वा महिना झाला, पण अक्काच्या गावाहून, कुरुंद्याहून येणारी जीप दारात थांबली की अजून मान तिकडे वळते.

माझी मोठी बहीण ती. दाजी गेल्यावर घरचीच हळद दळून पुड्या भरायला लागली. गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत, पण त्यासाठी हळद मात्र तिच्याकडूनच न्यायच्या. ती हसायची. मला भयंकर राग यायचा.

दोन हजार सालानंतर कधीतरी नांदेडच्या एका मोठ्या दुकानानं तिची हळद ठेवायचं कबूल केलं. अट एकच, पुडीवर बारकोड हवा. त्याचा नंबर रीतसर मिळाला, पिशव्या मीच छापणार होतो. नंबरासोबतच्या कागदावर 'रेघा काळ्याच छापा' असं लिहिलेलं होतं. अक्का म्हणाली, "हळदीच्या पुडीवर काळं काहून रे? कुंकवासारखं लाल कर. चालंल न्हाई का?"

"चालतंय की, अक्का!" रेघ ती रेघ, रंगानं काय बिघडतंय, हा माझा शहाणपणा.

दुकानात यंत्राचा लाल उजेड पुडीवरून फिरला... आवाजच येईना. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, लाल उजेडात लाल रेघा पांढऱ्या कागदासारख्याच दिसतात, यंत्राला त्या कळत नाहीत. मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तशी अक्का पुढे झाली. "चूक माझी हाय. म्याच लाल मागितलं. यानं मला बराबर सांगितलं व्हतं." माझ्या छापखान्याचं नाव राहावं म्हणून ती खोटं बोलली, आणि मी शेजारी गप्प उभा राहिलो.

मालकानं आठवडाभराची मुदत दिली. काळ्या रेघांची लेबलं छापून आम्ही दोघं तिच्या ओसरीवर एकेका पुडीला चिकटवत बसलो. पुढे तिची हळद तिथं वर्षानुवर्षं गेली. मला काही माहीत नव्हतं, असंच ती शेवटपर्यंत समजत राहिली.

त्या पहिल्या खेपेतली एक पुडी माझ्या टेबलाच्या खणात आहे. लेबलाचं टोक सुटलंय, खालचं लाल दिसतं. काल ती हातात घेतली आणि छापखान्यात कुणी नाही हे बघून म्हणालो, "अक्का, कागदावर काळंच लिहिलं होतं गं. मी वाचलं होतं."