बाबांनी घरी काढलेली शाळा

आमच्या घरात किस्से खरकट्या भांड्यांसारखे साचतात. ताट कोणाचं हे कोणी कबूल करत नाही आणि घासायला भलताच बसतो. त्या हिवाळ्यात घासायला बसली माझी बहीण मंगला. दहावीत होती.

सुरुवात झाली एका खुर्चीवरून. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. पूर्वपरीक्षेआधी पालकांनी शाळेत येऊन भेटावं, असा नियम होता. बाबा इस्त्रीचा कोट घालून गेले. हेडमास्तरांनी मान वर न करताच बोलायला सुरुवात केली आणि 'बसा' म्हणाले नाहीत. समोर खुर्ची रिकामी होती. बाबा तिच्याकडे पाहत उभे राहिले आणि तसेच वळून घरी आले. "उद्यापासून शाळा बंद. या घरात शिकलेली माणसं कमी आहेत का?"

शाळेचा निरोप आला : पालक भेटून गेल्याशिवाय मुलीला परीक्षेला बसवणार नाही. परीक्षा पुढच्या सोमवारी. ती चुकली की बोर्डाची परीक्षाही गेली. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बाहेरून बसेल. काकू चुलीपासूनच म्हणाली, पुढच्या वर्षी ती कोणाच्या घरी असेल कोणाले माहीत.

मी कॉलेज अर्ध्यात सोडून बसलेला. मला शिकवायची बंदी होती. "याची हवा लागू देऊ नका पोरीले," आजोबांनी हुकूम काढला. मग मी नुसता पाहत होतो.

*

इंग्रजी बाबांकडे. निबंधाचा विषय 'माझी मैत्रीण'. बाबांनी डोळे मिटून डिक्टेशन दिलं : "विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, आय बेग टू स्टेट..." मंगलानं निमूट लिहिलं. शेवटी आलं, "युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट."

मंगला थांबली. "बाबा, मी मैत्रिणीची नोकर काहून?"

"इंग्रजीत सगळेच असतात," बाबा म्हणाले आणि कचेरीत गेले.

*

गणित काकांकडे. इतवारीच्या बाजारात त्यांचं धान्याचं दुकान. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, म्हणून बीजगणितही त्यांनाच. मंगलानं पुस्तक पुढे केलं.

"हा एक्स कोण होय?"

"माहीत नसलेली संख्या, काका."

"माहीत नाही त्याले दुकानात घ्यायचं नाही," असं म्हणून काकांनी बीजगणित बंद केलं. उरलेला तास तिनं त्यांच्यासाठी तूर निवडली.

*

आजोबा इतिहास घ्यायचे, अंगणात, उन्हाकडे पाठ करून. भोसल्यांच्या फौजा बंगालपर्यंत कशा गेल्या ते त्यांना घोड्यांच्या रंगासकट पाठ. दोन्ही महायुद्धं मात्र त्यांनी एका हातानं उडवून लावली. मंगला म्हणाली, पेपरात हमखास येतात.

"आपल्या महाल वस्तीत आलती का? नाही ना? सोडून दे."

मी ओट्यावरून हसलो. आजोबा म्हणाले, हसतो काय, तू तर अख्खं कॉलेजच सोडून देल्लं. मी म्हटलं, मी माझं सोडलं, तुम्ही तिचं सोडून राहिले. त्या दिवशी मला जेवायला कोणी हाक मारली नाही.

*

विज्ञानाला मास्तरच नव्हता, पण बाबांनी पुस्तक आधी तपासलं. प्रजननाचा धडा दिसला. त्यांनी काकूकडून कणकेची खळ करून घेतली आणि धड्याची पानं एकमेकांना चिकटवली. रागारागात पुढची चार पानं जास्तच चिकटली. त्यांत विजेचा धडा गेला.

मी विचारलं, "बाबा, वीज काहून झाकली? तिलेबी लाज वाटते का?"

त्यांनी हात उगारला. मंगला मधे पडली, खळीचा वाडगा सांडला आणि काका ओरडले, कणीक फुकट येते का!

आईनं भाताच्या गंजावरचं झाकण काढलं. "वाफेवर धर वं," एवढंच मंगलाला म्हणाली. पानं हळूहळू सुटली. विजेची सुटली, तशी दुसरीही सुटली. आई भातच पाहत राहिली.

*

शुक्रवारी मी बाबांसमोर उभा राहिलो. म्हटलं, उद्या शाळेत जा. दोन शब्दांचं काम आहे. बाबा जोडे पुसत होते. बराच वेळ पुसतच राहिले. मग म्हणाले, "खुर्ची देतील का?"

त्यांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. कीव यायला हवी होती, आली नाही. मी म्हटलं, "पोरीचं वर्ष चाललं बाबा, अन् तुम्ही खुर्ची धरून बसले."

"तू मले शिकवू नको. स्वतःकडं पाह्य."

तेवढं बोलून झालं की आमच्या घरात वाद संपतो. कोण बरोबर, हे तसंच राहतं.

*

रविवारी काकूच्या माहेरचे एक गृहस्थ मौद्याहून आले. त्यांच्या ओळखीत एक मुलगा होता, शेतीवाडी असलेला. पोहे झाले. मंगला चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी सहज विचारलं, मुलगी सध्या काय करते?

काका, आजोबा, सगळे मास्तर समोरच बसलेले होते.

बाबा म्हणाले, "घरीच असते."

मंगलानं ट्रे खाली ठेवला. कप एकही हिंदकळला नाही. माझ्याजवळून आत जाताना हळूच विचारलं, "तुझ्या सायकलीत हवा आहे का गा?"

*

सोमवारी सकाळी नळावर सगळ्यांची भांडणं चालू असताना ती गणवेश घालून मागच्या दारानं निघाली. कोपऱ्यावर मी उभाच होतो. वाटभर कॅरिअरवरून तिचा बारीक आवाज येत होता. मला वाटलं रडते आहे. मागे पाहिलं तर सूत्रं पुटपुटत होती.

परीक्षेच्या खोलीच्या दारात हेडमास्तर उभे. पोरी एकेक करून आत जात होत्या. मंगलासमोर त्यांनी हात आडवा धरला.

"वडील आले?"

"नाही सर. ते येणार नाहीत."

"मग भाऊ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच शाळेतून त्यांना नको असताना पास झालो होतो. त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी लगेच मान फिरवली. "आठवडाभर होतीस कुठे?"

"घरी शिकत होते."

"कोण शिकवत होतं?"

"सगळेच."

"असं? मग तिथंच शिकायचं. इथं कशाला आलीस?"

मंगलानं कंपासपेटी या हातातून त्या हातात घेतली.

"शिकले सर. म्हणूनच आले."

घंटा झाली. हेडमास्तरांचा हात अजून आडवाच होता. ती त्याच्याखालून वाकून आत गेली.