टोपल्यात नसलेली भेंडी

मी प्रोग्राम लिहितो. आमच्या अकोल्याकडच्या मालेगावात कोणी विचारलं तर ‘कम्प्युटरचं काम’ असं सांगतो, आणि मग लोक मला प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात. मी जातो. नाही म्हटलं तर वडिलांचं नाव खराब होईल, आणि आमच्या बाजारात वडिलांचं नाव मोठं आहे.

ते त्यांच्या आवाजामुळे आहे. गावाबाहेर आमचा भाजीपाल्याचा एक तुकडा आहे. त्यातली भाजी वडील आठवडी बाजारात स्वतः बसून विकतात. त्यांची हाक एसटी स्टँडपर्यंत जाते, असं आई म्हणते, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही. मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गळ्यातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं. परतीच्या एसटीत बसल्यावर म्हणाले, "जीव वाचते त ठीकच हाय. पन बाजार बंद आता. लोक कीव करून भाजी घेतीन. तशी नाही विकाची मले."

मला ऑपरेशनपेक्षा याचीच धास्ती वाटली. बाजाराशिवाय हा माणूस घरात बसला तर खचणार, हे सांगायला डॉक्टर नको होता.

म्हणून मी म्हटलं, हाका आधीच रेकॉर्ड करून ठेवू. मोबाइलवर भाजीचं चित्र दाबलं की तुमची हाक वाजेल.

"भंगारवाल्याच्या गाडीवर वाजते तसं?"

"हो, तसंच."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले.

अंगणात बसलो. आई बाजूला सांबार निवडत होती. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. आवाज नीट येतो का हे पाहायला मी आधीच रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं होतं. ते वडिलांच्या लक्षात आलं नाही. मग खऱ्या हाका सुरू झाल्या. मेथी झाली, पालक झाली, वांगी, मुळे, फुलकोबी, सांबार झाला. मी म्हटलं, आता भेंडी.

"कुठं हाय भेंडी?"

"आता नाही, बाबा. उन्हाळ्यात लागन ना."

"जे टोपल्यात नाही त्याचं नाव कायले घेऊ? आजवर कधी खोटी हाक देल्ली नाही म्या."

हे खरं होतं. शेवटची जुडी विकली की त्या भाजीचं नाव ते तोंडातून काढत नसत. शेजारचे विक्रेते संपलेल्या टमाट्याच्या नावाने गिऱ्हाईक बोलवायचे आणि त्याला वांगी द्यायचे. त्यांच्याशी वडील त्या दिवशी चहा घेत नसत. मी खूप समजावलं. शेवटी चिडून म्हणालो, "उन्हाळ्यात तुमाले बोलता येनार नाही!"

"मालूम हाय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात भेंडीबी पाहू."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

ते घरी आल्यावर मी प्रोग्राम पूर्ण केला. प्रोग्रामला फाइल कुठून घ्यायची ते सांगावं लागतं. मी माझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा सगळा पत्ता लिहून दिला होता. लॅपटॉपवर झकास वाजलं. तेच वडिलांच्या मोबाइलवर टाकलं, त्यांनी मेथी दाबली, आणि काहीच झालं नाही. होणार कसं? मोबाइलात तो फोल्डरच नव्हता. भाकरी घरच्या फळीवर राहिली होती आणि आम्ही वावरात फळी शोधत होतो. वडील एकदा मोबाइलकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिले. बोलता आलं असतं तर ते काय बोलले असते, ते मला शब्दशः ऐकू आलं.

मग मी सगळ्या हाका प्रोग्रामच्या पोटातच बांधून टाकल्या. तो जिथे जाईल तिथे त्या सोबत जाणार. पत्ता नको, नुसतं नाव सांगायचं: मेथी म्हटलं की आतून मेथी काढून वाजव. एखाद्या नावाची फाइल आत नसेल तर प्रोग्राम बंद पडू नये, म्हणून तशा वेळी वाजवायला ती पहिली, आवाज तपासायची फाइल ठेवून दिली. तात्पुरती. नंतर बदलू म्हणून.

बरं वाटल्यावर वडील बाजारात बसले. छत्रीच्या काठीला छोटा स्पीकर टांगला. पहिल्या दिवशी लोक स्पीकरशीच बोलत होते. एक म्हातारी बाई स्पीकरला म्हणाली, "भाऊ, आवाज त तोच हाय तुमचा." वडिलांनी मान हलवली आणि तिला मेथी दिली. त्या संध्याकाळी घरी येताना मी सायकलवरून पडेन की काय इतका खूश होतो, आणि सायकल वडील चालवत होते.

उन्हाळा आला, भेंडी आली. मी मशीनने बनवलेल्या आवाजातली हाक ऐकवून पाहिली. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. माझ्या आवाजात हाक देऊन पाहिली. ते हसले, आणि ऑपरेशननंतर त्यांच्या हसण्याला आवाज नसल्यामुळे ते जास्तच लागलं. तरी मी भेंडीचं चित्र टाकून ठेवलं. फाइलचं नंतर पाहू.

बाजाराच्या दिवशी आई आणि मीही सोबत बसलो होतो. वडिलांनी भेंडी ओतली आणि सवयीने चित्र दाबलं. स्पीकरमधून वडिलांचा आवाज आला:

"चालू झालं का रे थे? नाही? अवं, सांबार राहू दे. चहा मांड वं जरासा."

"मांडते," आई म्हणाली आणि पोत्यावरून उठली.

उठून ती उभीच राहिली. समोर चूल नव्हती, भेंडीचा ढीग होता. घरातलं ते बोलणं आम्ही महिनोन्‌महिने ऐकलं नव्हतं. बाजारासाठी मी त्यांच्या सगळ्या हाका जपून ठेवल्या होत्या, घरासाठी एकही नाही. आणि हे मला तोवर सुचलंही नव्हतं. आई कोणाकडे न पाहता चहाच्या गाडीवर गेली आणि तीन चहा घेऊन आली. भेंडी मग हाकेशिवायच विकली.

घरी आल्यावर मी ती आवाज तपासायची फाइल काढायला बसलो. चूक ती चूकच. वडिलांनी लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवर मिटलं, हळूच, पण मिटलं.

ती फाइल अजून तिथेच आहे. आता पुन्हा हिवाळा आहे. बाजार उठायला आला, टोपलं रिकामं झालं की वडील मोबाइल काढतात, इकडेतिकडे पाहतात आणि भेंडी दाबतात. आई "मांडते" म्हणते आणि चहाच्या गाडीकडे जाते. टोपल्यात भेंडी नसते.