बिनखिशाची पँट

माझा मामा तुरुंगात गेला की आमच्या गल्लीतल्या लोकांना वाचा फुटायची. कोणी म्हणायचं हवापालटाला गेला, कोणी म्हणायचं सरकारी पाहुणचार घेतोय. कोपऱ्यावरचा न्हावी तर आई दिसली की कात्री थांबवून विचारायचा, "काय ताई, भाऊ परगावी का?"

"तुरुंगात," आई म्हणायची. "स्कूटर चोरली. तुझी नव्हती ना?"

न्हाव्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत दोन मशीनं आणि कापायचं टेबल, मागच्या खोलीत आम्ही दोघी. मामा तिच्यापेक्षा बराच धाकटा. आजी गेल्यावर आईनेच त्याला वाढवलं, मेकॅनिकच्या हाताखाली लावलं. तिथे तो स्कूटर दुरुस्त करायला शिकला आणि किल्लीशिवाय सुरू करायलाही. चांगली स्कूटर दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. विकायचाही नाही धड. पेट्रोल संपेपर्यंत फिरवायचा, तिथेच सोडायचा आणि पकडला जायचा. सुटून आला की आईसमोर रडायचा, थोडे दिवस सरळ वागायचा, की पुन्हा तेच. शाळेत माझी ओळख 'त्याची भाची' अशी करून दिली जायची. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

तुरुंगात कपडे द्यायचे तर नियम फार. नाडी चालत नाही. खिसा चालत नाही. दुहेरी शिवण दिसली की फाटकावरचा शिपाई ब्लेडने उसवून बघतो, आत काही दडवलंय का. आईने नेलेली पहिली पँट त्याने तिच्या डोळ्यांदेखत चिरली होती. तेव्हापासून ती मामासाठी वेगळ्याच पँटी शिवते: खिसा नाही, एकेरी शिवण, कमरेला उघडं इलास्टिक. "आता उसव म्हणावं मेल्याला," असं म्हणत मशीन अशी हाणते की मागच्या खोलीतली भांडी वाजतात.

मामा असाच एकदा आत होता, सुटायला आला होता, तेव्हा जवळच्या शाळेने सगळ्या मुलांचे गणवेश नव्याने शिवून घ्यायचं ठरवलं. आईचा त्या कामावर जीव जडला. लोकांच्या बाह्या आखूड करून आणि चेन बदलून ती विटली होती. तिला कोरं कापड हवं होतं, ताग्याने. नमुन्याचा शर्ट आणि पँट घेऊन आम्ही दोघी शाळेच्या ऑफिसात गेलो.

मोठ्या बाई होत्या आणि पालक समितीच्या अध्यक्षबाई. अध्यक्षबाईंनी शिवण ओढून पाहिली, कॉलर उलटून पाहिली, मान डोलावली. मग पँट हातात घेऊन खिशात हात घालायला गेल्या आणि त्यांचा हात नुसताच खाली घसरला.

"खिसा कुठाय?"

आदल्या दिवशी मामाची पँट शिवून झाली होती आणि आईचा हात त्याच वळणावर राहिला होता. घाईत खिसा राहिला म्हण, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. आईने पँट उलटसुलट करून पाहिली आणि चक्क हसली.

"अगं बाई! ही तुरुंगातली शिवली की मी."

"म्हणजे?"

"माझा भाऊ तुरुंगात आहे. तिथे खिसा चालत नाही. हाताला सवय लागली हो. दुपारपर्यंत खिसे लावून आणते."

अध्यक्षबाईंनी पँटीची घडी घातली. "आमच्या कानावर होतंच. काम तुमचं उत्तम आहे. पण मापं द्यायला मुलं तुमच्याकडे येणार, पालक विचारणार. त्याचा नि तुमचा आता काही संबंध नाही, एवढं सांगा. काम तुमचं."

"नुसतं म्हणायचं हो," मोठ्या बाई समजुतीने म्हणाल्या. "पुढचं कोण बघायला येतंय?"

मी टेबलाखालून आईच्या पायावर पाय दिला.

"मुलं येतील तेव्हा तो दुकानात नसेल, हे मी सांगते," आई म्हणाली. "नाहीतर मीच शाळेत येऊन मापं घेते. पण संबंध नाही कसं म्हणू? चोर आहे तो, आणि सख्खा भाऊ आहे माझा."

काम दुसऱ्या शिंप्याला गेलं.

"एक वाक्य बोलली असतीस तर जीभ झडली असती का?" मी भर रस्त्यात भांडले. ती झपाझप चालत राहिली. घरी आल्यावर मात्र कापायच्या टेबलाशी बसून ढसाढसा रडली. "काय कापड होतं गं," एवढंच म्हणत होती.

मामा सुटून आला तेव्हा मी त्याला सगळं ऐकवलं, काही हातचं राखलं नाही. त्याने मान खाली घातली. "ताई, आता बघच तू." आणि खरंच काही दिवस मुकाट्याने इस्त्री करत राहिला. मग दवाखान्याबाहेर एक लाल स्कूटर उभी होती, आणि मामा पुन्हा आत.

"आता तरी म्हण, संबंध नाही!" मी किंचाळले.

आईने कात्री टेबलावर आपटली. "त्याच्या गुणांची हमी मी कधी दिली होती? मी नातं सांगितलं होतं. ते काय चोरी केली की बंद आणि सोडली की सुरू? तुरुंगात भेटताना मध्ये जाळी नसती तर दोन थोबाडीत दिल्या असत्या मेल्याला. पण भाऊ म्हणूनच दिल्या असत्या."

भेटीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. आमच्या मागे नीटनेटक्या कपड्यांतल्या एक बाई होत्या. आम्ही न विचारताच त्यांनी सांगितलं की त्या नुसत्या शेजारीण, आतल्या पोराचं दुसरं कोणी नाही म्हणून येतात. आईने त्यांच्या पिशवीत डोकावून पाहिलं. "नाडी काढा हो, घेणार नाहीत." दोघींनी मिळून रांगेतच पायजम्याची नाडी ओढून काढली.

खिडकीतला कारकून मान वर न करता विचारत होता, कोण लागता? माणसं तोंडातल्या तोंडात उत्तर देत होती. आमचा नंबर आला.

"सख्खी मोठी बहीण," आई इतक्या मोठ्याने म्हणाली की रांगेच्या टोकाची माणसं वळली. कोणीतरी फिदीफिदी हसलं. "ऐकू आलं ना?" आई तिकडे बघून म्हणाली. "बरं झालं."

आम्ही बाजूला झालो. मागच्या बाई पुढे सरकल्या.

"कोण लागता?"

त्यांनी एकदा आईकडे पाहिलं.

"आई. मी त्याची आई आहे."

कारकुनाने आता मान वर केली. "मागच्या वेळी तर शेजारीण म्हणालात."

"मागच्या वेळी खोटं बोलले," त्या आवाज चढवून म्हणाल्या. "लिहा, आई."