दोन ठिपक्यांमधली रेघ

भाऊसाहेब देवस्थळींनी दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं एकच काम केलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब, थेंबात रंगाचा एक कण. पाण्याचे न दिसणारे रेणू त्याला चहूबाजूंनी ढुसण्या देतात आणि तो बिचारा भरकटत राहतो. दर तीस सेकंदांनी तो असेल तिथे भाऊसाहेब आलेखाच्या कागदावर ठिपका देत आणि ठिपके पट्टीने जोडत. नव्या माणसाला दटावून सांगत, "ही रेघ आपल्या सोयीची. कण असा सरळ गेलाच नाही. दर सेकंदाला बघशील तर या एका रेघेच्या जागी असंच वेडंवाकडं जाळं निघेल. आणखी बारीक बघ, पुन्हा तसंच."

मुलगा सुधन्वा गुडगावच्या एका चकचकीत कंपनीत लागला, तेव्हा त्याच्या आईने, कुमुदताईंनी, सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये घरोघरी पेढे वाटले. तिकडेच खोली घेऊन राहिलेला सुधन्वा दर रविवारी जेवायला येई.

"ऑफिस काय म्हणतंय?"

"बिल्कुल मस्त, बाबा."

भाऊसाहेबांना तेवढं पुरे. या रविवारपासून त्या रविवारपर्यंत सरळ रेघ! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पोरगा डोळ्यांदेखत वाळत चालला होता, तरी यांनी एकदा खोदून विचारलं नाही.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर एका गुरुवारी ते चकल्यांचा डबा घेऊन, न कळवता गुडगावला गेले. घरमालक दारातच म्हणाला, "नौकरी तो आठ महीने पहले छूट गई, अंकलजी. कमरा भी छोड़ दिया. कभी-कभार डाक लेने आता है."

आता कुठे राहतो, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि तिथे त्यांच्या हातून घोडचूक झाली. "आए तो दे देना," म्हणून त्यांनी डबा तिथेच ठेवला. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे डब्यावर कुमुदताईंचं नाव कोरलेलं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. रविवारी आला की रागवायचं नाही, गेल्या सोमवारपासूनचा एकेक दिवस शांतपणे विचारायचा, असं दोघांचं ठरलं. रविवारी तीन वाजेपर्यंत पानं मांडलेली राहिली. पुढच्या रविवारीही कोणी आलं नाही.

भाऊसाहेब पुन्हा घरमालकाकडे गेले. "डब्बा ले गया," तो म्हणाला. "नाम पढ़कर पूछा, कौन आया था. बोला, अब डाक मत रखना."

पोलिसांत नोंद झाली, नातेवाईक शोधून थकले. वर्ष उलटलं. कुमुदताईंनी नवऱ्याला कधी बोल लावला नव्हता. एका रविवारी भाजी चिरता चिरता मात्र त्या म्हणाल्या, "खोटं बोलायला का होईना, येत तरी होता. तुम्ही कशाला गेलात हो बघायला?"