सिंह खाली, आकडा वर

मी टांकसाळीत चुकलेली नाणी जमवतो. हे परळच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तोच ताप आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, लाखो रुपये मिळतात म्हणून ऐकायचं आणि गॅसवर भाजलेलं नाहीतर हातोड्याने चेपलेलं नाणं घेऊन माझी बेल वाजवायची. मी भिंगाखाली धरतो, मार लागलाय म्हणून सांगतो. माणूस तोंड पाडून जातो. मला काही वाटत नाही.

गेल्या वर्षी ताई आली, कॉटन ग्रीनहून. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात, गिरणीच्या पासाखाली, तिला एक जुना रुपया सापडला होता. एका बाजूला सिंह, दुसरी बाजू गुळगुळीत, कोरी. व्हिडिओ तिनेही बघितलेच होते.

पण तिला पैशांचं एवढं नव्हतं. बाबांनी मागे काहीच ठेवलं नाही, हे मी त्यांच्या पाठीमागे आणि एकदोनदा तोंडावरही बोललो होतो. ती नेहमी त्यांची बाजू घ्यायची. रुपया टेबलावर ठेवत म्हणाली, "नीट बघ. ठेवलं होतं त्यांनी काहीतरी."

मी वजनकाटा काढला. छाप पडायचा राहिला तर धातू कुठे जात नाही, नाणं वजनात पूर्ण भरतं. हे दीड ग्रॅम कमी भरलं. म्हणजे झिजलेलं. पण खिशातलं नाणं दोन्हीकडून झिजतं, आणि इथे तर सिंहांच्या आयाळी अगदी नव्यासारख्या. कानशीने घासलं असतं तर सरळ ओरखडे दिसले असते, तेही नव्हते. माझंही डोकं चालेना. मग अक्षरांच्या फटीत राखाडी कण दिसले. सुईने एक काढला. सिमेंट होतं.

लालबागच्या खोलीचा उंबरठा. मी चार-पाच वर्षांचा असताना बाबांनी तो सिमेंटचा करून घेतला होता. गवंडी म्हणाला, ओल्यात एक रुपया दाबा, घराला बरं असतं. बाबा असलं काही मानत नसत, पण त्याचं मन मोडलं नाही. दाबला मात्र सिंह खाली करून. अशोकाच्या सिंहांवर कुणाचा पाय पडता कामा नये, म्हणाले. आकड्यावरून पुढे चाळीसेक वर्षं आमचे सगळ्यांचे पाय गेले.

मी ताईला सांगितलं, टांकसाळीची चूक नाही, झीज आहे, कुणी रुपयाला रुपयाही देणार नाही. उंबरठ्याचंही सांगितलं. तिने नाणं उचललं आणि कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवत बसली.

"खोली सोडली त्या दिवशी ते परत वर गेले होते," ती म्हणाली. "आठवतंय?"

आठवत होतं, आणि लाज वाटली. खाली सामानाने भरलेला टेम्पो, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि बाबा छिन्नी-हातोडा घेऊन पुन्हा जिना चढलेले. अर्ध्या तासाने उतरले तेव्हा बोटं सोललेली होती. चाळीतल्या लोकांदेखत मी त्यांच्यावर खेकसलो, आता काय राहिलंय तुमचं वर?

"काही नाही रे," ते म्हणाले, आणि उजवी मूठ मिटलेलीच ठेवून माझ्या शेजारी बसले.