शेंदराची बरणी

फुकट सल्ला देणाऱ्या माणसांबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट होतं. ग्लेझच्या कृतींचा संग्रह इंटरनेटवर सुरू केल्यावर ते आणखी वाईट झालं, आणि आता ते सुधारेल अशी मला आशा नाही.

ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर भट्टीत चढणारा काचेसारखा थर. लोणच्याच्या बरणीला जी चमक असते ती ग्लेझची. ती कशात काय आणि किती मिसळून येते, याला आम्ही कुंभारकामवाले कृती म्हणतो. मी जातीनं कुंभार नाही. बाहेर शिकून आले आणि धाराशिवात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विजेची भट्टी टाकून बसले. वीज असेल तेव्हा भट्टी चालते, नसेल तेव्हा मी चिडचिड करते. परदेशी कृती आमच्याकडच्या मातीवर उभ्याच राहायच्या नाहीत, एक तर फुटायच्या नाही तर ओघळायच्या. म्हणून वाटलं, आपल्या भागात जे चार जण हे काम करतात त्यांनी आपापल्या कृती मराठीत एका ठिकाणी लिहाव्यात, ज्याला हव्या त्यानं घ्याव्यात. माकणीचा एक मुलगा पुण्यात कम्प्युटरचं काम करतो. मुलगा म्हणायचं एवढंच, चाळिशी आली त्याची. त्यानं हौसेनं वेबसाइट बनवून दिली.

चार जण म्हटलं होतं, पण जमले कितीतरी. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात भट्टी पेटवली नव्हती, आणि मतं मात्र सगळ्यांत जास्त त्यांचीच. ज्यांनी पेटवली होती ते कृती लिहायचे, पण हातचं राखून. एकानं राखेचं ग्लेझ लिहिलं आणि राख धुवून घ्यायची की न धुता, तेवढंच गाळलं. विचारलं तर म्हणाला, ताई, अनुभवानं कळतं. अनुभवानंच कळायचं होतं तर लिहायला कशाला बसला होता? दुसऱ्या एका बाईंनी कुठल्या तरी पुस्तकातलं पान जसंच्या तसं उतरवून वर 'माझ्या आजीकडून' असं लिहिलं. आजी मँगनीजसारखं रसायन कुठून आणायची हे मी विचारलं नाही. प्रत्येक कृतीखाली 'खूप छान', 'अप्रतिम', 'नमन'. न भाजलेल्या भांड्याचं कौतुक करणारी एवढी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

आणि सर होते. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कलाशिक्षक, आमच्या गावातल्या प्रत्येक व्यासपीठावरची डावीकडून दुसरी खुर्ची. त्यांच्या घरात इतक्या शाली साठल्या असतील की त्यांना थंडी म्हणजे काय हे ठाऊकच नसावं. वेबसाइटवर काय ठेवायचं आणि काय काढायचं ते आम्ही तिघांनी ठरवायचं आणि दोघांचं मत जुळल्याशिवाय काहीही काढायचं नाही, असा नियम होता. तिघं म्हणजे मी, माकणीकर आणि सर. नियम माझाच. लोकशाहीची हौस मला होती.

सरांनी जी कृती टाकली ती सगळ्यांत गाजली. शेंदूर, काचेचा भुगा आणि थोडी शाडू. कमी आचेवर भाजतं, तुराट्यांच्या जाळावर सुद्धा, आणि मधासारखी चमक येते. सोबत एका देखण्या बरणीचा फोटो. खाली पसंतीच्या लाल बदामांचा पाऊस.

आता शेंदूर म्हणजे काय, हे ज्याला ग्लेझमधलं ग सुद्धा कळतं त्याला माहीत असतं. अस्सल शेंदूर म्हणजे शिसं भाजून केलेली पूड. शिसं काचेला लवकर वितळवतं, म्हणून चमक येते. पण असं घरगुती ग्लेझ आंबट पदार्थ घातला की शिसं सोडतं, ते पोटात जातं, आणि पोटातून पुढे जिथे जायला नको तिथे जातं. पोटातल्या बाळापर्यंत जातं. मी हे सगळं कृतीखाली लिहिलं. एकानं उत्तर दिलं, 'ताई, सकारात्मक राहा.' सरांनी लिहिलं, 'आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या देवाला शेंदूर लावतात. देवाला चालतं ते माणसाला का चालू नये?' या वाक्याला कृतीपेक्षाही जास्त बदाम मिळाले.

मी माकणीकराला फोन केला. म्हटलं, काढून टाक, माझं एक मत आहे, तुझं दुसरं. तो म्हणाला, "ताई, आपण न्यायाधीश नाही. आपण फक्त जागा दिलेली आहे." पुण्यात राहून माणूस असं बोलायला शिकतो. माहिती काढून टाकणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यानं कृतीच्या वर पिवळ्या पट्टीत 'सावधगिरीने वापरा' असं टाकलं. शिसं सावधगिरीनं कसं खातात, ते त्यानं सांगितलं नाही. पट्टी आल्यावर कृती आणखी जास्त लोकांनी उघडून पाहिली.

मग एके दिवशी त्याच कृतीखाली ईट गावच्या भाभींनी टाकलेला फोटो आला.

भाभी माझ्याकडे महिनाभर शिकायला येत होत्या. घरचं बांगड्यांचं दुकान, सोनारीच्या यात्रेतही त्यांचा बांगड्यांचा स्टॉल लागतो. हात असा, की चाकावर माती बसली की आपोआप मध्यावर यायची. मला त्याचा हेवा वाटायचा आणि अजून वाटतो. त्यांनी घराच्या मागच्या अंगणात विटांची भट्टी बांधली होती. काचेचा भुगा हवा तर फुटक्या बांगड्यांची पोती घरात. शेंदूर हवा तर सोनारीत भैरवनाथाच्या देवळाबाहेर त्यांच्या स्टॉलशेजारचाच ओळखीचा दुकानदार. कृती जणू त्यांच्यासाठीच लिहिली होती. आजकाल बाजारात शेंदूर म्हणून भलताच केशरी रंग विकतात, तो आणला असता तर भट्टीत नुसता जळून गेला असता आणि मी सुटले असते. पण जिथे भेसळ व्हायला हवी होती नेमका तिथेच त्या दुकानदारानं ओळखीखातर अस्सल माल काढून दिला.

फोटोत मधाच्या रंगाची बरणी होती, तिच्यात लिंबाचं लोणचं, आणि खाली लिहिलं होतं, 'लेकीसाठी. सातवा चालू आहे. लई आंबट खाऊशी वाटतंय तिला.'

मी तेव्हाच फोन लावला. आधी लोणचं फेका, मग बोलू, असं म्हणाले. भाभी घाबरल्या, पण लगेच सावरल्या. सरांनी स्वतः दिलेली कृती आहे, मी सरांना विचारते, म्हणाल्या. त्यांनी विचारलंही. सरांनी खाली लिहिलं, 'निश्चिंत राहा. काही लोकांना भीती पसरवायची सवय असते.'

काही लोक म्हणजे मी. मी चप्पल घातली आणि सरांच्या घरी गेले.

सरांनी हसून स्वागत केलं. मी ग्लेझबद्दल बोलत राहिले, ते परंपरेबद्दल बोलत राहिले. सूनबाई चहा घेऊन आल्या, कडेवर वर्षाचं पोर. चहा स्टीलच्या पेल्यात. मी विचारलं, सर, तुमच्याकडे मातीचे कप नाहीत? ते म्हणाले, "छे, मातीला वास येतो. आमच्याकडे मातीचं कुणी वापरत नाही." मग मी फोटोतल्या बरणीबद्दल विचारलं, ती तरी दाखवा. बरणी नव्हतीच, फोटोच त्यांनी कुठल्याशा परदेशी साइटवरून उचलला होता. आणि कृती? ती एका जुन्या मासिकात वाचलेली. भट्टी? भट्टी त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, शाळेच्या सहलीत, आणि ती वीटभट्टी होती.

मला राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं. इथे शाल होती, नारळ होता आणि मध्ये कुणीच नव्हतं. मी म्हटलं, सर, मग काढून टाका. ते म्हणाले, आता काढली तर लोकांत चुकीचा संदेश जाईल. दुसऱ्याच्या लेकीच्या जिवावर उदार होणं इतकं सोपं असतं, हे मी त्यांच्या बैठकीत शिकले. चहा मात्र चांगला होता.

ईटला जायला भूममार्गे एस.टी. मिळाली. भाभींनी ओट्यावर चटई टाकली. लेक आत झोपली होती. तिनं रोज दोन्ही जेवणांत ते लोणचं खाल्लं होतं, मध्ये नुसतं बोटानं चाखलं होतं ते वेगळं. माझा फोन झाल्यावर भाभींनी बरणी माळ्यावर टाकली होती, पण फेकली नव्हती. सर म्हणाले निश्चिंत राहा, ताई म्हणतात फेका. मधल्या मध्ये बरणी माळ्यावर.

मी शिशाबद्दल पुन्हा सांगायला लागले, आणि मलाच कळलं की माझं बोलणं आणि सरांचं बोलणं त्यांना सारखंच ऐकू येतंय. दोन शिकलेली माणसं भांडतायत, बस. म्हणून मी बरणी खाली काढायला सांगितली. लोणचं एका डब्यात काढलं, बरणी पाण्यानं धुतली, फडक्यानं पुसली आणि उन्हात धरून भाभींना आत बघायला लावलं.

बाहेरून बरणी मधासारखी चमकत होती. आतून, जिथपर्यंत लोणचं होतं तिथपर्यंत, चमक नव्हती. पांढरट, खरखरीत, चाटून काढल्यासारखं. भाभींनी बोट आत घालून फिरवलं. ते बोट त्यांचं होतं, त्याला गुळगुळीत म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"आतली चमक कुठं गेली, ताई?"

मी म्हटलं, "लोणच्यात."

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि लेकीचा हात पोचणार नाही असा तो माळ्यावर मागे सरकवला.

दुसऱ्याच दिवशी लेकीला धाराशिवला डॉक्टरांकडे आणलं. रक्त तपासायला बाहेर पाठवावं लागलं. शिसं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत थांबलंत, आता जपायचं आणि पुन्हा पुन्हा तपासायचं. बाकीचं बाळ आल्यावर बघू. 'बघू' हा शब्द भाभींनी घरी जाईपर्यंत दोनदा मला विचारला, म्हणजे नक्की काय बघायचं. मी खोटं सांगितलं नाही आणि खरं मला माहीत नव्हतं.

मी हे सगळं कृतीखाली लिहिलं, भाभींच्या परवानगीनं. तिथल्या लोकांनी हात जोडले, फुलं टाकली, 'काळजी घ्या' म्हणाले. माकणीकरानं पिवळी पट्टी लाल केली. त्याला विचारलं, आता तरी तुझं मत? म्हणाला, सरांना वाईट वाटेल, त्यांनीच काढली तर बरं दिसेल. कृती होती तिथेच राहिली.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी भाभी माझ्या दारात उभ्या. हातात पिशवी. म्हणाल्या, "सरांच्या घरला घेऊन चला. मला रस्ता ठावं न्हाय."

सर बैठकीत पेपर वाचत होते. भाभींनी पिशवीतून बरणी काढून त्यांच्या पुढ्यातल्या टीपॉयवर ठेवली. तीच बरणी, आत तेच लोणचं, पुन्हा भरलेलं. बाहेरून अजूनही इतकी सुंदर की सरांनी आधी कौतुकच केलं. वा, म्हणाले, आमच्या कृतीचं सार्थक झालं. मग बहुधा त्यांना रक्ताच्या तपासणीची आठवण झाली, आणि त्यांचा हात बरणीपर्यंत येऊन थांबला.

भाभी उभ्याच होत्या. आवाज चढवला नाही.

"माझ्या लेकीनं अर्धं खाल्लंय, सर. अर्धं ऱ्हायलंय. तुमच्या घरात वाढा, सगळ्यांना. सरलं की मला फोन करा. मग ऱ्हाऊ द्या तुमची कृती तिथं, म्या काय बोलायची न्हाय."

सर परंपरेबद्दल एक वाक्य सुरू करणार होते, मी ते त्यांच्या ओठांवर आलेलं पाहिलं. तेवढ्यात आतून सूनबाईंचं पोर रांगत आलं आणि टीपॉयला धरून उभं राहिलं. चमकणारी वस्तू दिसल्यावर कुठलंही पोर करतं तेच त्यानं केलं, बरणीकडे हात लांबवला. सर खुर्चीतून असे उठले की पेपर सगळा जमिनीवर पसरला. इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्याही कार्यक्रमात इतक्या चपळाईनं उठताना पाहिलं नव्हतं. नातवाला उचलून त्यांनी सूनबाईंकडे दिलं आणि त्याचे हात धुवायला सांगितलं. पोराचं बोट बरणीला लागलंही नव्हतं.

भाभींनी बरणी उचलून पिशवीत ठेवली. आम्ही निघालो.

मी घरी पोचून मोबाइल उघडला तेव्हा कृती गेलेली होती. तिच्या जागी सरांनी लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणास्तव सदर कृती मागे घेत आहे.' खाली बदाम पडायला लागले होते. एकानं लिहिलं होतं, 'सर, तुमचं सामाजिक भान वंदनीय आहे.' भाभी माझ्या शेजारी बसून चहा पीत होत्या. त्यांनी विचारलं, काय लिहिलंय सरांनी? मी वाचून दाखवलं.

"म्हंजे देवाला चालतं, माझ्या लेकीला चालतं," भाभी म्हणाल्या, "फकस्त त्यांच्या नातवाला न्हाय चालत."