‘डी’मधली गाणी

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका राइस मिलवाल्याशी बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, भावावरून भांडत होतो. फोन त्याच्या शेजाऱ्याचा होता. सकाळी आंघोळीला निघाला, दारातच बसला, आणि संपलं... मी ‘बरं’ म्हणालो, फोन ठेवला आणि पुन्हा भाव धरला. पण आवाज इतका चढला की मिलवाला उठलाच. “सेठ, आज आपका दिमाग ठिकाने पे नहीं है, कल बात करते हैं,” म्हणाला. तो गेल्यावर मी गोदामात गेलो, पोत्यांच्या थप्प्या उगाच मोजल्या, बाहेर आलो, परत आत गेलो. प्रल्हादशी माझं बोलणं गेल्या उन्हाळ्यापासून जवळजवळ बंद होतं. ज्याच्याशी भांडण चालू आहे, तो माणूस असा मधेच उठून जातो हे मला पटतच नव्हतं. अजूनही पटत नाही.

प्रल्हाद एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. निवृत्त झाल्यावर फुलचूरच्या घरी बसणं त्याला जमेना, म्हणून तो गोंदियाभर लोकांचे जुने लॅपटॉप दुरुस्त करत फिरायचा. त्याला लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या फुकट सिस्टीमचं, वेड होतं. कोणाचा लॅपटॉप सुस्त झाला की हा पेनड्राइव्ह घेऊन हजर. वर एक पैसा घ्यायचा नाही आणि तास तास भाषण द्यायचा, की ही सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून केली, कोणाच्या मालकीची नाही, कोणीही घ्या, कोणीही वाटा. मी सायकलवर फाटकी पोती गोळा करण्यापासून धंदा सुरू केलेला माणूस. मला हे ऐकून खाजच सुटायची. “फोकटच्या मालाची जिम्मेदारी कोणाची बे?” मी विचारायचो. “घेणाऱ्याची,” तो हसून सांगायचा, आणि माझ्याच दुकानातल्या पोऱ्याला माझ्याच खर्चानं दुसरा चहा आणायला लावायचा. वेळेवर येणं त्याला कधी जमलं नाही. चूक मान्य करणं तर त्याहून नाही. तरी तो आला नाही की दुकानात मला करमायचं नाही.

माझा लॅपटॉप मी जुन्यातून घासाघीस करून घेतलेला. विकणाऱ्यानं तेव्हा एक सल्ला दिला होता, जो आमच्याकडं लॅपटॉपसोबत सगळ्यांनाच मिळतो. कामाचं सगळं ‘डी’ ड्राइव्हमध्ये ठेवा; ‘सी’ उडते, ‘डी’ उडत नाही. आमच्या जिल्ह्यात लग्नाचे फोटो, सातबारे, पोरांच्या मार्कशीटा, सगळं या एका भरवशावर ‘डी’त पडलेलं आहे. माझ्या ‘डी’त माझी माय होती. म्हणजे तिची गाणी. भाचीच्या लग्नात हळदीच्या दिवशी मायनं आमच्या पोवारी बोलीतली गाणी म्हटली होती, ती भाचीनं मोबाइलवर घेतली आणि माझ्या लॅपटॉपमध्ये टाकून दिली. पुढं भाचीचा मोबाइल फुटला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माय गेली. मी ती गाणी रोज लावत होतो असं नाही. पण ती आहेत हे मला माहीत होतं, आणि तेवढं पुरत होतं.

गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉप चालू व्हायलाच इतका वेळ घेऊ लागला की मी नवीन घ्यायचं ठरवलं. प्रल्हादला कळलं आणि तो चिडला. चांगलं मशीन फेकून राहिला म्हणे. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन आला. आधी लॅपटॉपमधलं काहीच न पुसता, नुसत्या पेनड्राइव्हवरून त्यानं ती नवी सिस्टीम चालवून दाखवली. पडदा उजळला, माउस भरभर फिरायला लागला. आवाज येतो की नाही बघायला त्यानं ‘डी’ उघडून मायचंच गाणं लावलं. पूर्ण ऐकलं, मान डोलावत. मग म्हणाला, “आता कायम टाकून देतो. सामान सगळं कुठं हाये?”

“‘डी’त,” मी म्हणालो.

“मग काही टेन्शन नाही.”

पडद्यावर प्रश्न आला, त्यानं बटण दाबलं. शाळेच्या लॅबमध्ये त्यानं कितीतरी मशीन अशीच धुवून काढली होती; तिथं वाचवायला काही नसायचं. त्या प्रश्नाचा अर्थ अख्खी डिस्क पुसू का असा होता, आणि अख्ख्या डिस्कमध्ये ‘डी’ही येते. सिस्टीम बसली. वायफाय लागेना, तेव्हा मोबाइल वायरनं जोडून त्यानं तेही चालू केलं, मराठी कीबोर्ड बसवला. आणि मग मी म्हणालो, “मायचं गाणं लाव.”

त्यानं खूप शोधलं. शोधता शोधता त्याच्या मानेवर घाम आला. मला राग कशाचा आला सांगू? लॅपटॉप फर्स्ट क्लास चालत होता. डोळा लवायच्या आत उघडत होता, आणि आत काही नव्हतं.

“तू मास्तर ना बे? तुले माहीत पाहिजे होतं.”

“तूच त म्हणे ‘डी’त हाये...”

“निघ,” मी म्हणालो. चहा अर्धा सोडून तो निघाला. लॅपटॉपमधली डिस्क मात्र काढून घेऊन गेला. काय काय सॉफ्टवेअर लावून त्यानं पुसलेलं परत काढायचा प्रयत्न केला. ट्रकच्या जुन्या बिल्ट्या निघाल्या, पोत्यांचे फोटो निघाले. माय निघाली नाही. डिस्क परत बसवायला आला तेव्हा मी त्याला बस म्हटलं नाही.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला. पुढ्यात पेनड्राइव्ह ठेवला. मायसोबत गाणाऱ्या झामाबाईला त्यानं सालेकशाकडच्या गावात शोधून काढलं होतं. पॅसेंजरनं जाऊन जाऊन तीच गाणी तिच्याकडून म्हणवून आणली होती. मी पेनड्राइव्ह त्याच्याकडं सरकवला. “नमुना एक दाखवाचा अन् माल दुसरा द्याचा, हे माह्या दुकानात चालत नाही.”

“ऐकून त पाह्य.”

“कायले? झामाबाई माही माय होय का?”

त्यानं पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि गेला. ती शेवटची भेट.

त्याच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी त्याच्या घरी गेलो. लोक पांगल्यावर त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, तोच पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. “घेऊन जा भाऊ. मले घरात नको. तुमच्या गाण्यापायी उन्हातान्हात फिरून राहिले होते. छातीत दुखते म्हणत, तरी जात.”

त्या घरात, त्या दिवशी, माझ्या तोंडून निघालं, “मी जा म्हटलं नव्हतं, वहिनी.”

“जा नाही म्हटलं,” त्या म्हणाल्या. “पण दुकानात ये, बस, हे बी नाही म्हटलं ना.”

घरी येऊन मी पेनड्राइव्ह लावला. झामाबाईचा आवाज थकलेला आहे. मागं कोंबड्या, कोणीतरी भांडी घासतंय. दुसऱ्या गाण्यात ती थांबते आणि म्हणते, “इथून पुढं शेवंता उचले. मले नाही येत तिच्यासारखं.” शेवंता म्हणजे माझी माय. थोडा वेळ नुसत्या कोंबड्या... मग प्रल्हादचा आवाज येतो. “असं होतं पाहा, बाई,” म्हणतो आणि गायला लागतो. शब्द चुकतात, पोवारी त्याची भाषा नाही, सूर तर जन्मात नव्हता. पण जिथं माय ओळ लांबवायची तिथं तो लांबवतो, जिथं ती मधेच श्वास तोडायची तिथं तोडतो. एकदाच ऐकलं होतं त्यानं, माझ्या दुकानात, आवाज तपासताना. झामाबाई खुदकन हसते, “हाव, असंच,” आणि त्याच्यामागून उचलते.

मी उठलो, अंगणात गेलो, परत येऊन पुन्हा लावलं. माझी तक्रार मिटलेली नाही. प्रश्न वाचायला पाहिजे होता त्यानं. मी आजही हेच म्हणेन. पण तो समोर नसला की हे बोलणं भिंतीला जाऊन लागतं.

आता दुकान उघडलं की मी लॅपटॉप लावतो आणि ते दुसरं गाणं चालू करतो. एखादं गिऱ्हाईक पोतं चाचपत विचारतं, “कोण गाऊन राहिलं शेठ, इतकं बेसूर?”

“गाणं माह्या मायचं होय,” मी सांगतो. “आवाज ज्यानं पुसलं त्याचा.”

त्याला काही कळत नाही. गाणं संपेपर्यंत मी भाव सांगत नाही.